औषधाला हवी शिस्तीची जोड

पावसाळ्यात पर्लकोटा नदी दुथडी भरून वाहू लागली की भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटायचा, हे गडचिरोली जिल्ह्याने वर्षानुवर्षे अनुभवलेले वास्तव आहे. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचा बहुतांश भूभाग आजही अरण्याने व्यापलेला आहे. पूर, जंगल आणि अंतर यांच्या पलीकडे राहणाऱ्या माडिया व गोंड बांधवांपर्यंत औषध पोहोचवणे हे अनेक दशके एक व्रतच होते. १९७३ साली डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकसा येथे हे व्रत घेतले, तेव्हा त्या परिसरात आधुनिक उपचारांची वार्ताही नव्हती.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि गावोगावच्या 'आशा' कार्यकर्त्या यांच्यामार्फत औषध जंगलाच्या आतपर्यंत जाऊ लागले आहे. परंतु औषध पोहोचले म्हणजे आरोग्य पोहोचले, असे समीकरण मांडता येत नाही. आठवडी बाजारातल्या दुकानातून उचललेली वेदनाशामक गोळी, बोगस डॉक्टरने टोचलेली सुई, ताप उतरताच अर्धवट सोडलेला औषधक्रम आणि 'पुढच्या खेपेला उपयोगी पडेल' म्हणून डब्यात जपून ठेवलेल्या चार गोळ्या, हेही त्याच वाटेने आले आहे. औषधाचा अभाव जीव घेतो, तसेच औषधाचा अविचारी वापरही जीव घेतो. पहिल्या संकटाची चर्चा भरपूर झाली. दुसऱ्याकडे मात्र शासनाचे, वैद्यकीय व्यवसायाचे आणि समाजाचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

गोळी गिळल्यानंतर

गोळी पोटात गेली की ती थेट दुखऱ्या जागी जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आतड्यांतून शोषले गेलेले औषध प्रथम यकृतात जाते आणि मग रक्तावाटे सर्व शरीरभर पसरते. यकृत त्याचे रूपांतर व विघटन करते. मूत्रपिंडे त्याचा मोठा भाग बाहेर टाकतात. घेतल्या क्षणापासूनच औषधाचे रक्तातील प्रमाण आधी चढत आणि मग उतरत असते. ते एका मर्यादेखाली गेले तर उपयोग होत नाही. दुसऱ्या मर्यादेवर गेले तर अपाय होतो. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात औषध राखणे, यालाच मात्रा म्हणतात. 'दिवसातून दोन वेळा, पाच दिवस' असे जे सांगितले जाते, त्यामागे हा हिशेब असतो.

हा हिशेब प्रत्येक शरीराचा सारखा नसतो. लहान मुलाची मात्रा वजनावर ठरते. यकृत थकलेले असेल, तर एरवी निरुपद्रवी वाटणारे पॅरासिटामॉलही जास्त मात्रेत घातक ठरते. आणि नित्य मद्यपानाने यकृत थकतेच. रिकाम्या पोटी वा मद्याच्या जोडीने घेतलेली वेदनाशामके जठराला जखमा करतात. गर्भवतीला चालणारी औषधे वेगळी, वृद्धाला चालणारी वेगळी. म्हणूनच 'त्याला ज्या गोळीने गुण आला, तीच मला द्या' ही औषधाच्या दुकानात नेहमी ऐकू येणारी मागणी मुळातच चुकीची आहे.

तीन दिवस आणि चौदा दिवस

राज्याच्या हिवतापाच्या नकाशावर गडचिरोली हा दीर्घकाळ सर्वांत गडद ठिपका राहिला आहे. येथे फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स असे हिवतापाचे दोन्ही प्रमुख प्रकार आढळतात. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन काही दिवसांत प्राण घेऊ शकतो. कधीकाळी त्यावर क्लोरोक्वीन हे हमखास औषध होते. परंतु परजीवींनी त्याला दाद देणे सोडले आणि २०१० नंतर देशभर फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिन गटातील औषध व त्याच्या जोडीला दुसरे औषध, असा संयुक्त उपचार स्वीकारावा लागला.

ही जोडी का लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. आर्टेमिसिनिन गटातील औषध अतिशय वेगाने परजीवी मारते, पण काही तासांतच शरीरातून निघून जाते. उरलेल्यांचा समाचार रक्तात दीर्घकाळ टिकणारे जोडीदार औषध घेते. उपचार तीन दिवसांचा असतो. दुसऱ्याच दिवशी ताप उतरतो, अंगात उभारी येते, आणि शेतीची वा तेंदूपाने तोडण्याची घाई असलेला माणूस तिसऱ्या दिवसाची गोळी विसरतो. जे परजीवी औषधाच्या पहिल्या माऱ्यातून वाचले, तेच नेमके पुन्हा वाढतात. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकणे थांबवावे, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली केले, ते याच भीतीपोटी. हे औषधही हातचे गेले, तर त्याच्या तोडीचे दुसरे औषध तयार ठेवलेले नाही.

व्हायवॅक्सची गोष्ट निराळी. त्याचा परजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून बसतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. त्याला तेथून उखडण्यासाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप नसलेल्या, धडधाकट माणसाने चौदा दिवस नेमाने गोळी घ्यायची, तर त्याला त्यामागचे कारण पटलेले असले पाहिजे. शिवाय याच प्रायमाक्वीनला दुसरी बाजू आहे. 'जी-सिक्स-पी-डी' नावाच्या विकराची जन्मतः उणीव असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या रक्तपेशी या औषधाने फुटू लागतात. देशातील काही वनवासी समूहांत या उणिवेचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. लघवी गडद रंगाची झाली की गोळी तत्काळ थांबवून आरोग्य केंद्र गाठावे, ही एका वाक्याची सूचना रुग्णाला त्याच्या भाषेत मिळाली तर प्राण वाचतो. न मिळाली तर औषधच वैरी ठरते. गर्भवती आणि एक वर्षाच्या आतील बालके यांना हे औषध द्यायचेच नसते. माडिया बोलणाऱ्या आईच्या हाती इंग्रजी अक्षरांची पट्टी ठेवून ही जबाबदारी संपत नाही.

आनंदवनाच्या वाटेवरचा धडा

औषधाची शिस्त मोडल्यावर काय होते, याचा सर्वांत जुना धडा चंद्रपूर जिल्ह्यानेच पाहिला आहे. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्याच काळात डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील पहिले परिणामकारक औषध उपलब्ध होऊ लागले होते. शतकानुशतके शाप मानल्या गेलेल्या या व्याधीवर गोळी मिळाली, ही क्रांतीच होती. पण वर्षानुवर्षे एकच औषध, तेही अनेकदा अपुऱ्या मात्रेत व खंड पाडून दिले गेले आणि जंतू त्याला निर्ढावले. अखेर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित बहुविध औषधोपचार सुचवला. एका औषधाला दाद न देणारा जंतू तिन्ही औषधांतून सुटणे जवळजवळ अशक्य असते, हे त्यामागचे साधे गणित. या उपचाराने देशातील लक्षावधी रुग्ण बरे झाले.

मात्र येथेही सांगण्यावाचून अडते. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, क्लोफॅझिमिनने त्वचा काळवंडते. पहिला बदल निरुपद्रवी आहे. दुसरा उपचार संपल्यावर हळूहळू ओसरतो. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून गोळ्या फेकून देतो. तसा रुग्ण अडाणी आहे, असा शेरा मारणे सोपे असते. वास्तविक त्याला न सांगणाऱ्याकडेच त्या अपयशाचा मोठा वाटा जातो.

मणी, वाळू आणि आरोग्यदूत

'सामान्य माणसाच्या हाती औषध दिले की गैरवापर होणारच' असा आक्षेप सुशिक्षित वर्गातून नेहमी घेतला जातो. या आक्षेपाला गडचिरोलीनेच कृतीतून उत्तर दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने जिल्ह्यातील बालमृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा न्यूमोनिया हे मोठे कारण पुढे आले. दवाखाना दूर, डॉक्टर दुर्मीळ. मग गावातील कार्यकर्ते व दाई यांनाच न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्याचे शिक्षण देण्यात आले.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे मिनिटाभरातील श्वास मोजावे लागतात. अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यावर एक साधे श्वासमापक यंत्र तयार झाले. त्यात एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी धोक्याचा मणी गाठला, तर न्यूमोनिया समजून औषध. नाही गाठला, तर साधा खोकला, प्रतिजैविक नाही. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले, तेथील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी होते.

त्यापुढचे पाऊल अधिक धाडसी होते. नवजात अर्भकांतील जंतुसंसर्गासाठी प्रशिक्षित 'आरोग्यदूत' महिलांनी घरी जाऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे होते. हे औषध मात्रा चुकली तर मूत्रपिंडांना आणि श्रवणशक्तीला इजा करू शकते. म्हणून बाळाचे वजन, ठरलेली लक्षणे, ठरलेली मात्रा, ठरलेले दिवस, प्रत्येक भेटीची नोंद आणि त्यावर देखरेख अशी चौकट आखली गेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांत राबवलेल्या या गृहाधारित सेवेने नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट झाली. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. २०११ साली केंद्र सरकारने नवजात बालकांची गृहाधारित काळजी हा कार्यक्रम 'आशां'मार्फत देशभर स्वीकारला, त्याचे मूळ या गावांत आहे.

या यशाचे श्रेय केवळ औषधाला दिले, तर त्यातले मर्म हातून निसटते. तीच प्रतिजैविके शहरातही होती आणि आहेत. फरक होता तो ती केव्हा द्यायची आणि केव्हा द्यायची नाहीत, याच्या नियमाचा. मोठे आकडे न मोजता येणारी दाई मणी पाहून 'या बाळाला औषध नको' असे ठामपणे म्हणू शकत होती. महानगरातील पदवीधर मात्र साध्या सर्दीला अझिथ्रोमायसिनची पट्टी स्वतःच्या मनाने विकत घेतो. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. या दोघांत औषधाच्या बाबतीत साक्षर कोणाला म्हणावे?

सुईचा मोह

वनक्षेत्रातील दुसरे दुखणे म्हणजे सुई व सलाईन यांवरील आंधळी श्रद्धा. सुई टोचली नाही तर उपचार झालाच नाही, अशी समजूत रूढ आहे आणि बोगस डॉक्टर तिच्यावरच जगतात. वेदनाशामक आणि स्टिरॉइड यांच्या इंजेक्शनाने तासाभरात अंगदुखी जाते, भूक लागते, रुग्ण धन्यवाद देत घरी जातो. स्टिरॉइड दाह दडपते, पण त्याबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही दडपते. ते वारंवार घेतले की शरीरातील नैसर्गिक संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथी मंदावतात, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि दडलेला क्षयरोग उफाळतो. मूळ आजार हिवतापाचा असेल, तर तापाच्या या दडपणुकीत मोलाचे दोन दिवस वाया जातात. 'आशां'कडील तपासणी किटवर रक्ताच्या एका थेंबाने पंधरा-वीस मिनिटांत होणारे निदान त्या सुईपेक्षा कितीतरी मौल्यवान असते.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी तर हा मोह अधिकच घातक. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांत आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. वेदना थांबवण्यासाठी रुग्ण दुकानातून गोळ्या घेत राहतो; पण या आजारात मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली असतात आणि त्यांच्यावर वेदनाशामकांचा आणखी भार पडतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करू शकते. मात्र ते नियमित घ्यावे लागते आणि रक्ततपासणीची जोड त्याला अनिवार्य असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. तपासणीचे पत्रक वाटून हे अभियान सफल होणार नाही. ज्या रुग्णाला रोजची गोळी लागते, त्याच्यापर्यंत ती पावसाळ्यातही खंड न पडता जाते का, हीच त्याची खरी कसोटी आहे.

जटायूचा इशारा

औषधाचा परिणाम घेणाऱ्याच्या शरीरापुरताच मर्यादित राहत नाही, हे गिधाडांच्या विनाशाने दाखवून दिले. गुराढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९० च्या दशकापासून देशातील गिधाडांच्या प्रमुख प्रजातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगल्यावर २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या कुप्यांचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला.

गडचिरोलीत वनविभागाने ग्रामस्थांच्या साह्याने गिधाडांसाठी सुरक्षित अन्नाची 'उपाहारगृहे' चालवली. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची गिधाडे चंद्रपूरच्या ताडोबात आणण्यात आली. ज्या देशाने जटायूला वंदनीय मानले, त्या देशातून तो जवळजवळ नाहीसा झाला तो पारध्याच्या बाणाने नव्हे, वेदनाशामकाच्या सुईने. मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. पशुवैद्यकाने तोच वापरावा आणि पशुपालकाने तोच मागावा, एवढ्यावर ताडोबातील त्या पक्ष्यांचे भवितव्य अवलंबून आहे.

वनौषधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे

आधुनिक औषधांचे दुष्परिणाम सांगितले की 'म्हणूनच आपली जडीबुटी बरी' असा सूर लगेच उमटतो. वनवासी समाजाचे वनस्पतिज्ञान अमोल आहे. चीनच्या तू यूयू यांनी प्राचीन चिनी ग्रंथातील उल्लेखाचा माग काढून आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील वैदूंच्या ज्ञानाचाही असाच चिकाटीने अभ्यास व्हायला हवा. परंतु त्या ज्ञानाचा गौरव करणे आणि त्याला अपायरहित मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच जंगलात मिळणारा बिब्बा त्वचेवर फोड आणतो. आयुर्वेदानेच तो शोधन केल्याशिवाय वापरू नये असे बजावले आहे. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही विष ठरते, हा विचार चरकसंहितेत स्पष्टपणे आलेला आहे. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी मात्रेचा व परीक्षेचा तिचा आग्रहही स्वीकारला पाहिजे.

कर्तव्य कोणाचे?

शासनाने औषधांचा अखंड पुरवठा करावा, हे तर निर्विवाद. साठा संपला की रुग्ण बोगस डॉक्टरकडेच वळतो. त्याबरोबर प्रत्येक औषधाची सूचना माडिया, गोंडी व सोप्या मराठीत, शक्य तेथे चित्रांतून मिळावी. २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-वन' अनुसूचीत आली. त्यांची विक्री चिठ्ठीवाचून होऊ नये आणि दुकानदाराने तिची नोंद ठेवावी, असा नियम आहे. त्याची अंमलबजावणी जिल्ह्याच्या शेवटच्या बाजारगावातही दिसली पाहिजे. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याबरोबर दोन मिनिटे बोलण्याचाही धर्म पाळावा.

दुर्गम भागात आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या सेवाभावी संस्थांनीही आत्मपरीक्षण करावे, अशी वेळ आली आहे. शहरातून खोके भरून औषधे न्यायची, दिवसभरात शेकडो रुग्णांना वाटायची आणि सायंकाळी परतायचे, यातला सद्भाव खरा असला तरी दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यांचे काय होते, हे पाहणारा तेथे कोणी नसतो. घराघरांतून गोळा केलेली उरलीसुरली आणि मुदत संपत आलेली औषधे वनवासी बांधवांना देणे, याला सेवा म्हणता येणार नाही. शिबिरात कमी औषधे वाटावीत, पण दिलेले प्रत्येक औषध पूर्ण घेतले गेले का हे पाहण्यासाठी गावातीलच एका तरुणीला वा तरुणाला तयार करावे. गडचिरोलीतील दायांनी मण्यांच्या आधारे जे साधले, ते कोणत्याही गावाला साधण्यासारखे आहे. त्यासाठी जाणाऱ्याला एका दिवसाच्या शिबिरापुरते नव्हे, तर चौदाव्या दिवसाची गोळी घेतली जाईपर्यंत थांबावे लागेल.